रद्दीतले भविष्य

दिवाळी अंक घरात आला की पहिली ओढाताण होते ती भविष्याच्या पानासाठी. आजोबांना शनी कुठे बसला आहे ते पाहायचे असते, चिरंजीवांना बढतीचा योग शोधायचा असतो. वाचकहो, आज या सदरात जे भविष्य सांगायचे आहे ते राशींचे नव्हे. ते 1970 नंतरच्या दशकात विलायतेतल्या शाळकरी मुलींसाठी छापले गेले, दर आठवड्याला तीन-चार पाने, तेही हलक्या कागदावर. वाचून झाल्यावर त्यातले बरेचसे रद्दीत गेले. ती रद्दी हुडकून काढणारी काही माणसे आहेत. त्यांच्या छंदाची ही हकीकत.

ब्रिटनमध्ये मुलांसाठी चित्रकथांची साप्ताहिके अमाप निघत. 14 एप्रिल 1950 रोजी 'ईगल' निघाले आणि त्यातला अंतराळवीर डॅन डेअर घरोघरी पोचला. आज साउथपोर्ट शहरात त्याचा अर्धपुतळा आहे. कागदावरच्या माणसाला याहून मोठा मान तो कोणता मिळायचा? त्याच कथेत प्राध्यापिका जोसलीन पीबडी ही विदुषी शुक्रावर जाते, पण नायकाच्या मागून. पुढल्याच वर्षी, 1951 च्या नोव्हेंबरात, 'ईगल'चे भावंड म्हणून 'गर्ल' निघाले. त्याच्या मुखपृष्ठावर विमान चालवणारी किटी हॉक आणि तिच्या सगळ्या साथीदार मुलीच! परंतु वाचक मुलींना ती फारशी रुचली नाही. थोड्याच दिवसांत तिच्या जागी शाळेतल्या दोन मैत्रिणी आल्या. मुलांच्या कथेला नुसती वेणी घातली म्हणजे ती मुलींची होत नाही, हे संपादकांना उमगले असावे.

मुलींची म्हणावी अशी विज्ञानकथा खऱ्या अर्थाने बहरली ती 'जिंटी' या साप्ताहिकात. ते 1974 च्या मे महिन्यात सुरू झाले. मॅव्हिस मिलर या त्याच्या संपादिका. 1976 साली त्यात 'फ्रॅन ऑफ द फ्लड्स' ही कथा आली. सूर्याचा ताप वाढतो, ध्रुवांवरचे बर्फ वितळते, सारे ब्रिटन जलमय होते आणि फ्रॅन नावाची मुलगी बहिणीच्या शोधात स्कॉटलंडची वाट धरते. लेखक ॲलन डेव्हिडसन, चित्रकार फिल गॅस्कॉइन. गंमत अशी, की त्याच उन्हाळ्यात ब्रिटनमध्ये कडक दुष्काळ होता. नळाला पाणी नाही आणि हातातल्या अंकात मात्र महापूर! आज हवामानबदलाच्या बातम्या वाचताना त्या कथेची गंमत वाटत नाही, धास्ती वाटते.

1977 साली पॅट मिल्स यांनी 'लँड ऑफ नो टीअर्स' लिहिली. पायाने अधू असलेली कॅसी भविष्यकाळात जाऊन पडते. तिथे रडायला बंदी आणि व्यंगाला क्षमा नाही. निर्दोष त्या 'अल्फा', कसला ना कसला दोष असलेल्या त्या 'गॅमा', आणि गॅमांच्या वाट्याला फक्त राबणे. या टाकाऊ ठरवलेल्या मुली चोरून सराव करतात आणि स्पर्धेत उतरतात. पाठोपाठ माल्कम शॉ यांची 'द ह्यूमन झू' आली. परग्रहावरचे प्राणी जुळ्या बहिणींना पळवून नेतात आणि माणसांना तसेच वागवतात जसे आपण जनावरांना वागवतो. पिंजरा, सर्कस, कत्तलखाना, काही चुकत नाही. मुलाबाळांसाठी लिहायचे म्हणजे गुळगुळीत लिहायचे, असे या मंडळींना वाटले नव्हते. मिल्स हे नाव पुढे '2000 एडी' या मुलग्यांच्या साप्ताहिकामुळे गाजले; मुलींसाठी मात्र ते त्याआधीपासूनच लिहीत होते.

मग या कथा विसरल्या का गेल्या? एक कारण धंद्याचे. खप उतरला की साप्ताहिक बंद करून दुसऱ्यात मिसळून टाकायचे, ही तिथली रीत. 1981 च्या नोव्हेंबरात 'जिंटी' हे 'टॅमी'त विलीन झाले. 1984 मध्ये संपाच्या गडबडीत 'टॅमी'च बंद पडले आणि चालू कथा अर्धवट राहिल्या. पुढे काय झाले, हे त्या मुलींना कोणी सांगितलेच नाही. दुसरे कारण अधिक जुने आहे. मुलग्यांचे वाचन हे लहानपणीचे वैभव आणि मुलींचे वाचन म्हणजे निव्वळ वेळ घालवणे, अशी समजूत विलायतेतही होतीच. त्यामुळे डॅन डेअरचे अंक जपणारे पुष्कळ निघाले. 'जिंटी' जपणाऱ्या थोड्या.

म्हणून आजचा संग्राहक ज्या अंकाच्या मागे लागतो तो हाती आला तरी धड असतोच असे नाही. कागद पिवळा पडून कडांना तुकडे सुटतात, टाचण्या गंजतात. मुखपृष्ठाच्या कोपऱ्यात वृत्तपत्रवाल्याने पेन्सिलीने घराचा नंबर लिहिलेला असतो, कारण अंक घरोघर टाकला जाई. काही अंकांत एक कूपन असे. आवडत्या कथांची नावे त्यावर लिहून मुलींनी ते कापून धाडायचे. कोणती कथा चालवायची हे संपादक त्यावरून ताडत. पण कात्री चालली की पानामागची चित्रेही जात! ज्या मुलीने आपल्या कथेवर जीव लावला, तिचाच अंक आज फाटका निघतो. शोधणाऱ्यांना मात्र ती कात्रीची खूण बिनकापल्या अंकाइतकीच मोलाची वाटते. कुणीतरी तो मनापासून वाचला होता, याची ती पावती आहे.

शोधकाचे काम तर याहून चिकाटीचे. या कथांवर लेखक-चित्रकारांची नावे छापत नसत. 'टॅमी'ने 1982 मध्ये नावे द्यायला सुरुवात केली, तेव्हा कुठे धागा हाती लागला. नाव असलेले पान समोर ठेवायचे, शेजारी जुने निनावी पान ठेवायचे, आणि डोळे, केस, बोटे काढण्याची ढब ताडून पाहायची. सराफ दागिना पारखतो तसे हे. हयात असलेल्या लेखकांना विचारायचे. पण तेही आता वृद्ध झाले आहेत, आणि त्यांच्यातले एकेक माणूस जाते तेव्हा काही कथांचा धनी कायमचा हरवतो. अजूनही कित्येक कथांपुढची जागा रिकामीच आहे.

तरी या खटपटीला फळ आले आहे. मेल गिब्सन या विदुषीने वाचक स्त्रियांच्या आठवणी गोळा करून 2015 साली त्यावर ग्रंथ लिहिला. ज्यूलिया राउंड यांनी 'मिस्टी' या भयकथांच्या साप्ताहिकाचा अभ्यास करून 2019 साली पुस्तक काढले. 2016 मध्ये रिबेलियन या प्रकाशनसंस्थेने जुन्या साप्ताहिकांचे हक्क घेतले आणि 2018 साली कॅसीची कथा व ती जुळ्या बहिणींची कथा एका पुस्तकात पुन्हा छापली. पुढे फ्रॅनही पुस्तकरूपाने आली. चाळीस वर्षांपूर्वी अर्ध्यावर निसटलेले वाचन नातवंडांना मांडीवर घेऊन पुरे करण्याची सोय झाली. ज्या कथेत टाकाऊ ठरवलेल्या मुली जिंकतात, ती कथा स्वतःच टाकाऊतून परत यावी, याचे समाधान वाटते.

आपल्याकडे दिवाळीची झाडलोट झाली की रद्दीचा गठ्ठा दाराशी येतो. किलोचा भाव ठरतो, तराजू लागतो. मुलाचे क्रिकेटचे अंक "असू देत, त्याच्या आठवणी आहेत" म्हणून माळ्यावर चढतात, आणि मुलीचे गठ्ठ्यात जातात. यंदा सुतळी बांधण्यापूर्वी तिला एकदा हाक मारा. त्यात काय आहे ते तिला ठाऊक असते.