पवित्रा कोणाचा खरा?

गेल्या दिवाळीच्या पाडव्याला आमच्या जुन्नरच्या घरी फराळाला चारदोन मंडळी जमली होती. त्यांत आमचे एक जुने स्नेही होते. तरुणपणी तालमीत घाम गाळलेले, आता सत्तरी ओलांडलेले. पण मिशीचा पीळ अजून उतरलेला नाही. माझ्या नातीने त्याच्या आदल्या महिन्यात पुण्याच्या एका स्पर्धेत 120 किलो वजन जमिनीवरून उचलले होते. सूनबाईंनी मोठ्या कौतुकाने त्याचे चित्रण मोबाइलवर दाखविले. स्नेह्यांनी ते पाहिले, चकलीचा तुकडा मोडला आणि म्हणाले, "मास्तर, पोरीने उचलले खरे, पण पाय फाकून उचलले. ही लबाडी झाली!"

पोर काही बोलली नाही. रिकामे ताट उचलून आत गेली. तिने जे उत्तर दिले नाही ते मी आज देणार आहे. आमचे स्नेही दर वर्षी दिवाळी अंक पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत वाचतात, हे मला ठाऊक आहे.

ज्यांना या खेळाची माहिती नसेल त्यांच्यासाठी आधी थोडे सांगतो. पॉवरलिफ्टिंगचे प्रकार तीन. खांद्यावर बार घेऊन बैठक मारायची, हा पहिला. बाकावर उताणे पडून छातीवरचा बार वर रेटायचा, हा दुसरा. आणि जमिनीवर पडलेला बार दोन्ही हातांनी धरून ताठ उभे राहायचे, हा तिसरा. त्यालाच डेडलिफ्ट म्हणतात. प्रत्येक प्रकारात तीन संधी मिळतात. तीन पंच बसलेले असतात. त्यांतल्या दोघांनी पांढरा दिवा लावला की वजन मान्य. गुडघे सरळ हवेत, खांदे मागे हवेत, वर चढणारा बार मध्येच खाली येता कामा नये, तो मांडीवर टेकवून दम खाता कामा नये. एवढे सारे नियमांत आहे. पाय एकमेकांपासून किती दूर ठेवावेत, हे मात्र नियमांत नाही.

त्यामुळे पवित्रे दोन पडले. रूढ पवित्र्यात पाय साधारण कंबरेच्या रुंदीइतके आणि हात गुडघ्यांच्या बाहेरून. दुसऱ्यात पाय चांगले रुंद, चवडे बाहेर वळलेले आणि हात गुडघ्यांच्या आतून. जपानी सुमो मल्ल असे उभे राहतात म्हणून त्याला सुमो हे नाव पडले. माझी नात या दुसऱ्या पवित्र्याची.

आरोप असा, की पाय रुंद केले की माणूस ठेंगणा होतो आणि बारला कमी अंतर चढावे लागते. आरोप खोटा नाही, तो मी लपवीतही नाही. अमेरिकेतील संशोधकांनी दोन्ही पवित्र्यांचे मोजमाप करून 2000 साली लिहून ठेवले आहे, की रूढ पवित्र्यात बारचा प्रवास आणि त्यासाठी करावे लागणारे काम सुमोपेक्षा 25 ते 40 टक्क्यांनी अधिक भरते. स्नेह्यांच्या हाती याहून मोठे हत्यार नाही. तेव्हा ते मीच त्यांच्या हाती देतो.

पण मग मी विचारतो, इतकी मोठी सूट जर फुकट मिळत असेल, तर सगळेच ती का घेत नाहीत? रूढ पवित्र्याने उचलणारे नामांकित खेळाडू आजही पुष्कळ आहेत. कारण सूट फुकट नाही. सुमो पवित्र्यात बार जमिनीवरून सुटतानाच जीव काढतो. त्याला मांड्यांत जोर लागतो आणि जांघेचे सांधे मोकळे लागतात. रूढ पवित्र्यात धड अधिक वाकते आणि भार पाठीवर अधिक येतो. एका ठिकाणी वाचविले ते दुसऱ्या ठिकाणी मोजावे लागते. कोणाला कोणता व्यवहार परवडेल, हे ज्याच्या त्याच्या हाडांवर ठरते.

आणि अंतराचाच हिशेब करायचा, तर तो पुरता करावा. लांब हातांच्या माणसाला बार फार वर न्यावाच लागत नाही. तो ताठ उभा राहिला की त्याची मूठ मांडीच्या निम्म्यावर असते. आखूड हातांच्या माणसाचा बार जांघेपर्यंत चढतो. लांब हाताच्या माणसाला आजवर कोणी लबाड म्हटल्याचे मी ऐकलेले नाही. देवाने दिलेली सूट चालते आणि माणसाने कष्टाने शिकलेली चालत नाही, हा कुठला न्याय?

आमच्या जुन्नर-आंबेगावच्या माणसाला न्याय शिकवायला परदेशी पुस्तके नकोत. आमच्या यात्रांत बैलगाडे धावतात. 2014 साली सर्वोच्च न्यायालयाने या शर्यती बंद केल्या आणि 2021 च्या डिसेंबरात पुन्हा परवानगी दिली. तो वाद बैलांच्या हालांचा होता, आणि तो व्हायलाच हवा होता. पण निकालाची आमच्या घाटातली रीत पाहा. एकेक गाडा सुटतो, निशाण पडते आणि बारी किती सेकंदांत झाली तेवढे मोजतात. एक बैल लांब टांगा टाकतो, दुसरा आखूड पावलांनी भराभर पळतो. "याची टांग लांब, याचे दोन सेकंद वाढवा," असे कोणी म्हणाला, तर घाटातली मंडळी त्याला पुढच्या घोडीवर बसवून गावाबाहेर नेऊन सोडतील!

आता स्नेह्यांच्या बाजूचे दोन बळकट मुद्दे मीच मांडतो. पहिला पोहण्याचा. छातीवरच्या पोहण्याच्या शर्यतीत काही जण दोन्ही हात पाण्यावरून फेकू लागले आणि पुढे निघून गेले. शेवटी 1952 नंतर बटरफ्लाय हा प्रकार वेगळा काढावा लागला. मग डेडलिफ्टचेही दोन प्रकार का करू नयेत? माझे म्हणणे असे, की त्या शर्यतीचे नावच पोहण्याच्या रीतीवरून पडलेले होते. रीत बदलली तर शर्यत बदलली. डेडलिफ्टमध्ये रीत मागितलेली नाही, पडलेले वजन घेऊन ताठ उभे राहा एवढेच मागितले आहे. ही गोष्ट उंच उडीसारखी आहे. 1968 साली मेक्सिकोच्या ऑलिंपिकमध्ये डिक फॉस्बरी पाठीवरून आडवी दांडी ओलांडून 2.24 मीटर उडाला आणि सुवर्णपदक घेऊन गेला. दांडी पडली नाही, तेव्हा उडी खरी. आज झाडून सारे तशीच उडी मारतात.

दुसरा मुद्दा बाकावरच्या प्रकाराचा. काही खेळाडू पाठीची इतकी कमान करू लागले, की बार दोनचार बोटेच हलायचा. तेव्हा आंतरराष्ट्रीय महासंघाने 2023 पासून नियम केला, की बार छातीवर असताना कोपर खांद्याच्या वरच्या पातळीइतके तरी खाली आलेच पाहिजे. मला हा नियम पसंत आहे. उद्या महासंघाने डेडलिफ्टमध्ये पायांच्या अंतराला मर्यादा घातली, तर तीही मी मान्य करीन आणि नातीलाही मान्य करायला सांगेन. अजस्र वजने उचलण्याच्या बलवानांच्या स्पर्धांत सुमो पवित्रा चालतच नाही. 2016 साली एडी हॉलने लीड्समध्ये 500 किलो उचलले ते रूढ पवित्र्यानेच. तिथे नियम आधी सांगितलेला असतो, म्हणून कोणाची तक्रार नसते. मर्यादा हवी तर ती स्पर्धेआधी, मोजपट्टीने आणि सर्वांना सारखी आखा. वजन उचलून झाल्यावर, फराळाच्या ताटावरून, नजरेच्या अंदाजाने आखू नका.

इतके लिहून थांबलो असतो. पण मला हा शब्द इतका का लागला, ते सांगितले नाही तर मीच लबाड ठरेन.

माझे वडील आंबेगाव तालुक्यातल्या एका बाजारात हमाली करीत. तेव्हा पोते शंभर किलोचे असे. दोघांनी ते जमिनीवरून उचलून तिसऱ्याच्या पाठीवर द्यायचे. वडील ठेंगणे, रुंद बांध्याचे. ते पाय चांगले फाकून, जवळजवळ बसून पोत्याला हात घालीत आणि पाठ न वाकविता उठत. कोणी शिकविले नव्हते, अंगानेच शोधलेली ती रीत होती. पण बरोबरचे लोक हसत. "बायकांसारखा बसतो," म्हणत. पेढीवरचा दिवाणजीही हसे. एक दिवस वडिलांना लाज वाटली आणि ते इतरांसारखे कंबरेतून वाकून उचलू लागले. चाळिशीच्या आत त्यांची पाठ गेली. केवळ त्यामुळेच गेली असे मी शपथेवर सांगणार नाही. हमालाची पाठ जायला कारणे पुष्कळ असतात. पण खाटेवर पडल्या पडल्या ते एकदा मला म्हणाले होते, "लेका, माझे मला ठाऊक होते. उगाच लोकांचे ऐकले."

त्यांच्यासमोर पंच नव्हता आणि पांढरा दिवाही नव्हता. माझ्या नातीसमोर तीन पंच होते आणि तिन्ही दिवे पांढरे लागले. ती आपल्या पणजोबांचीच ठेवण घेऊन आली आहे. त्यांना तिने पाहिलेले नाही, पण बारपाशी उभी राहिली की पाय त्यांच्यासारखेच टाकते. तो पवित्रा मी दुसऱ्यांदा लाजेपायी मोडू देणार नाही.

स्नेह्यांनी यंदाच्या पाडव्याला नेहमीप्रमाणे यावे. चकल्या त्यांना आवडतात तशाच खमंग होतील आणि वादही रंगेल. फक्त उंबऱ्यातून आत आल्यावर आधी पोरीला "शाब्बास" म्हणावे. मग खुशाल मांडी घालून बसावे आणि मला हरवावे.