वार्धक्य रोखणारी सुई: पेप्टाइडांबद्दल आपण काय जाणून घ्यावे?

पेशींचे वार्धक्य मंदावणाऱ्या पेप्टाइडांची चर्चा आता प्रयोगशाळेपुरती राहिलेली नाही. चित्रफिती, व्हॉट्सअ‍ॅपवरचे निरोप आणि परदेशी असलेल्या मुलांचे फोन यांतून ती आपल्या घरात आली आहे. ‘एपिटालॉन घ्यावे का?’ असा प्रश्न मंडळातल्या ज्येष्ठांकडूनच येऊ लागला, म्हणून हा विषय नीट पाहावा असे आम्हाला वाटले.

पेप्टाइड म्हणजे अमिनो आम्लांची छोटी साखळी. शब्द नवा वाटला तरी वस्तू जुनीच आहे. ५१ अमिनो आम्लांचे इन्सुलिन हे पेप्टाइडच. मधुमेह आणि वजनासाठी दिले जाणारे सेमाग्लुटाइडही त्याच जातीचे. त्यामुळे पेप्टाइड म्हणजे चांगले किंवा वाईट असा सरसकट निकाल देता येत नाही. कोणते पेप्टाइड, कशासाठी आणि माणसांवर किती तपासलेले, हे पाहावे लागते.

सर्वांत जास्त बोलबाला आहे तो एपिटालॉनचा. चारच अमिनो आम्लांचे हे पेप्टाइड रशियात सेंट पीटर्सबर्ग येथे व्लादिमिर खाविन्सन यांच्या गटाने तयार केले. त्यामागचा विचार असा: १९६१ मध्ये लिओनार्ड हेफ्लिक आणि पॉल मूरहेड यांनी दाखवले की माणसाची साधी पेशी ठरावीक वेळाच विभागते आणि मग थांबते. शालीचे सूत उसवू नये म्हणून दशांना गाठी मारतात, तसे गुणसूत्रांच्या टोकांना टेलोमिअर असतात. प्रत्येक विभाजनात ते थोडे झिजतात. ही झीज भरून काढणाऱ्या विकराला टेलोमरेज म्हणतात. या शोधासाठी २००९ चे नोबेल पारितोषिक दिले गेले.

एपिटालॉनमुळे मानवी पेशींत टेलोमरेज जागे होते, असे खाविन्सन यांच्या गटाने २००३ मध्ये प्रसिद्ध केले. पण तो प्रयोग काचपात्रातल्या पेशींवर होता. त्याच वर्षी रशियातूनच उंदरांवरचा एक प्रयोग प्रसिद्ध झाला. त्यात उंदरांचे सरासरी आयुष्य वाढले नाही; शेवटपर्यंत टिकलेल्या १० टक्के उंदरांचे आयुष्य मात्र सुमारे १३ टक्क्यांनी वाढले. जाहिरातीत या दोन गोष्टींपैकी दुसरीच वाचायला मिळते. शिवाय टेलोमरेज ही दुधारी गोष्ट आहे. माणसाच्या ८५ ते ९० टक्के कर्करोगांत ते सक्रिय असते. त्याच्याच बळावर त्या पेशी न थांबता वाढतात. वरील प्रयोगात उंदरांना रक्ताचा कर्करोग कमी झाला, हेही सांगायला हवे. परंतु तेवढ्यावरून पूर्वी कर्करोग होऊन गेलेल्या माणसाला निर्धास्त राहा असे कोणी सांगू शकत नाही.

दुसरा मार्ग नेदरलँड्समधील रॉटरडॅमच्या संशोधकांनी २०१७ मध्ये दाखवला. काही पेशी विभागणे थांबवतात, पण मरत नाहीत. शेजारच्या पेशींना त्रास देत बसतात. फॉक्सओ-४-डीआरआय हे पेप्टाइड अशाच पेशींना मरणाच्या वाटेला लावते. म्हाताऱ्या उंदरांची लव दाट झाली, हालचाल वाढली, मूत्रपिंडाचे काम सुधारले. संशोधन खरोखर मोलाचे आहे, पण ते उंदरांवरचे आहे.

पेप्टाइड औषध होऊ शकते का? जरूर होऊ शकते. पेशीतील ऊर्जाकेंद्रांवर काम करणाऱ्या इलामिप्रेटाइडला सप्टेंबर २०२५ मध्ये अमेरिकेत मान्यता मिळाली. तीही बार्थ सिंड्रोम या दुर्मिळ आजारासाठी, अनेक वर्षांच्या चाचण्यांनंतर आणि काही अटींवर. वार्धक्य थांबवण्यासाठी नव्हे.

बाजार मात्र चाचण्यांची वाट पाहत नाही. ‘केवळ संशोधनासाठी’ अशी चिठ्ठी लावून कुप्या विकल्या जातात, म्हणजे विकणारा जबाबदारीतून मोकळा. आत काय आहे, किती आहे, ते निर्जंतुक आहे का, हे घेणाऱ्याला कळायला मार्ग नाही. अमेरिकेच्या औषध प्रशासनाने २०२३ मध्ये एपिटालॉनला सुरक्षिततेबद्दल शंका असलेल्या पदार्थांच्या यादीत घातले. जुलै २०२५ मध्ये लास वेगासच्या एका दीर्घायुष्य मेळाव्यात पेप्टाइडच्या सुया घेतल्यावर दोन स्त्रिया अत्यवस्थ झाल्या. पेप्टाइडच कारण होते असे सिद्ध झालेले नाही. पण निरोगी माणसाने हा धोका कशासाठी पत्करायचा, हा प्रश्न उरतोच.

आपल्यासारख्या समाजात हा प्रश्न अधिक नाजूक आहे. मुले दूर, आईवडील इथे. दूर राहिल्याची रुखरुख मग कधी कुपीच्या रूपाने घरी येते. पण प्रेमाने पाठवलेले औषध त्यामुळे तपासलेले ठरत नाही. आपल्या ज्येष्ठांपैकी अनेकांना मधुमेह आहे, रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या चालू आहेत. अशा शरीरात ही सुई काय करील, हे सांगणारी चाचणीच झालेली नाही.

म्हणून आमचे सांगणे एवढेच. सुई घेण्यापूर्वी आपल्या नेहमीच्या डॉक्टरांना कुपी दाखवा. चालू औषधे परस्पर बंद करू नका. कोणी आधीच घेतली असेल तर घरच्यांनी रागावू नये. रागावलो तर पुढच्या वेळी ते सांगणारच नाहीत. त्रास झाल्यास आधी डॉक्टर गाठा, आणि मग भारतीय औषधसतर्कता कार्यक्रमाच्या १८००-१८०-३०२४ या निःशुल्क क्रमांकावर नोंद करा. अशा नोंदींमुळेच पुढच्या माणसाला वेळेवर सावध करता येते.