यजमान परदेशी, तारीख कोर्टात

सातारा जिल्ह्यातल्या एका भगिनीचे पत्र आले आहे. त्या लिहितात :

“ताई, हे फौजेत हवालदार आहेत. पुढच्या महिन्यात शांतिसेनेबरोबर वर्षभरासाठी दक्षिण सुदानला निघतील. आणि नेमका आत्ताच चुलत दिरांनी विहिरीच्या वाटणीचा दावा लावलाय. समन्स यांच्या नावावर आहे. तारखेला मी उभी राहिले तर चालेल का? एकतर्फी निकाल लागला तर काय करू? मृत्युपत्राचा विषय काढला की सासूबाईंच्या डोळ्यांत पाणी येतं. ‘जाताना असलं अभद्र बोलू नये’ म्हणतात.”

भगिनी, आधी धीर धरा. १९५० साली आपले लष्करी वैद्यकीय पथक कोरियात गेले, तेव्हापासून संयुक्त राष्ट्रांच्या कामासाठी आपले जवान परदेशी जात आले आहेत. मागे राहिलेल्या घराची काळजी कायद्याने थोडीफार घेतली आहे. फक्त ती मागावी लागते.

सैनिकांच्या दाव्यांसाठी १९२५ सालचा ‘इंडियन सोल्जर्स (लिटिगेशन) अ‍ॅक्ट’ आहे. परदेशी कामगिरीवर असलेल्या जवानाच्या वतीने कोर्टात कोणी अधिकृत माणूस उभा नसेल, तर जिल्हाधिकारी कोर्टाला तसे प्रमाणपत्र देऊ शकतात. मग कोर्ट काम थांबवून लष्कराकडे विचारणा करते, आणि लष्कराने दाखला दिला की दावा पुढे ढकलला जातो. त्यातूनही एकतर्फी निकाल झालाच, तर तो रद्द करून घेण्यासाठी अर्ज करता येतो. यजमानांनी निघण्यापूर्वी समन्सची नक्कल आपल्या कमांडिंग ऑफिसरना द्यावी. तुम्ही जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात जा. अर्ज कसा करायचा ते तिथे सांगतील.

नुसती पत्नी म्हणून तुम्हाला त्यांच्या वतीने कोर्टात उभे राहता येणार नाही. त्याला मुखत्यारपत्र लागते. पण इथेच एक मेख आहे. तुम्ही मुखत्यार म्हणून उभ्या राहिलात किंवा त्यांनी वकील दिला, की ‘जवानाच्या वतीने कोणी नाही’ असे म्हणता येत नाही, आणि वरच्या कायद्याची तहकुबी मिळणे अवघड होते. शिवाय जी गोष्ट फक्त यजमानांनाच ठाऊक आहे, तिची साक्ष मुखत्याराला देता येत नाही. म्हणून विहिरीचा व्यवहार त्यांच्या समोर झाला असेल, त्यांचीच साक्ष महत्त्वाची असेल, तर तहकुबी मागणे बरे. सगळी भिस्त जुन्या कागदांवर असेल, तर वकील देऊन दावा चालू द्यावा. हे दोघांनी मिळून वकिलांकडे बसून ठरवा, आणि ते इथे असतानाच ठरवा.

घरच्या बाकी कामांसाठी मात्र मुखत्यारपत्र जरूर करून घ्या. त्यात एकेक काम नाव घेऊन लिहावे : तलाठ्याकडची कामे, वीजबिल, सोसायटीचे कर्ज, शाळेचे दाखले. जमीन विकण्याचा अधिकार गरज नसेल तर घालूच नये. म्हणजे उद्या कोणी गोड बोलून तुमची सही मागायला येणार नाही. करायचे राहूनच गेले, तर जुबा इथल्या भारतीय वकिलातीत सही करून ते पाठवता येते. मात्र इथे पोचल्यापासून तीन महिन्यांच्या आत त्यावर मुद्रांक भरावा लागतो.

आता बँक. खाते दोघांच्या नावे असावे आणि दोघांपैकी कोणालाही पैसे काढता यावेत. ओटीपी कोणत्या मोबाइलवर येतो तेही बघा. तो नंबर यजमानांच्या खिशातून सुदानला गेला, तर खात्यात पैसे असून तुमचा हात रिकामा! पलटणीच्या दप्तरात, म्हणजे पार्ट टू ऑर्डरमध्ये, तुमचे लग्न आणि मुलांचे जन्म नोंदले आहेत ना, नावे आधार कार्डाप्रमाणेच आहेत ना, हे त्यांना विचारा. पुढे पेन्शनच्या वेळी एका अक्षराच्या फरकापायी बायकांना हेलपाटे घालावे लागतात.

राहिले मृत्युपत्र. मुखत्यारपत्र माणूस हयात असेपर्यंतच चालते, हे पुष्कळ जणींना माहीत नसते. आणि बँकेतला नॉमिनी पैसे हातात घेतो, पण तेवढ्याने तो मालक ठरत नाही. वारसांचा हक्क राहतोच. म्हणून मृत्युपत्राचे महत्त्व. त्याला स्टॅम्प लागत नाही, नोंदणीची सक्ती नाही. दोन साक्षीदारांसमोर सही करावी, आणि ज्यांना काही मिळणार आहे त्यांना साक्षीदार करू नये. ते कधीही बदलता येते.

सासूबाईंना हे एकट्याने सांगू नका. त्यांच्या मुलालाच सांगू दे. आणि मृत्युपत्रात आईच्या उदरनिर्वाहाची तजवीज अगोदर लिहायला सांगा. निम्मी भीती तिथेच जाईल. प्रवासाला निघणाऱ्याच्या हातावर आपण दही ठेवतो ना? ते ठेवाच. फक्त त्याच्या आदल्या दिवशी सह्या उरकून घ्या.