बाळोत्यांचं गाठोडं

हिंगोलीचा दसरा संपतो, प्रदर्शनातली दुकानं उठतात, आकाशपाळण्याचे सांगाडे उतरवले जातात. आणि थोड्याच दिवसांत सेनगाव, कळमनुरी, औंढ्याकडच्या तांड्यांवरून, वाड्यांवरून ऊसतोडीला निघालेले ट्रक भरायला लागतात. धान्याची पोती, भांडी, सरपण, कोंबड्यांची डालगी, एखादी शेळी, आणि या सगळ्याच्या वर बसलेली माणसं. असाच एक ट्रक चहाच्या टपरीपाशी थांबलेला पाहिला. वीस-बावीस वर्षांची एक मुलगी चार महिन्यांचं बाळ मांडीवर घेऊन बसली होती. बाजूला जुन्या लुगड्यात बांधलेलं मोठं गाठोडं. काय आहे यात, असं मी उगाच विचारलं. ती हसली. ''बाळोती हायेत ताई. दुसरं काय असणार?''

मैत्रिणींनो, शहरातली माणसं हल्ली सुट्टीत हौसेनं तंबूत राहायला जातात. त्याला कॅम्पिंग म्हणतात. लहान बाळ सोबत असलं तर डायपर कोणते घ्यायचे, कापडी की विकतचे, यावर घरात बराच खल होतो. आपल्या जिल्ह्यातल्या कितीतरी बायका दरवर्षी दिवाळीच्या आसपास घर सोडतात आणि उन्हाळा लागेपर्यंत उसाच्या पाचटाच्या आणि ताडपत्रीच्या कोपीत राहतात. तान्ही बाळं घेऊन राहतात. हौस नाही, उचल घेतलेली असते. कापडी की विकतचं, हा प्रश्न त्यांनाही आहे. पण त्यांच्या जागी तो वेगळाच होऊन बसतो.

कापडाबद्दल माझ्या मनात शंका नाही. सासूचं धुऊन धुऊन मऊ झालेलं लुगडं किंवा आजोबांचं धोतर यांच्यासारखं कापड बाळाच्या कातडीला दुसरं नाही. हवा खेळते, ओलं झालं की लगेच कळतं, पैसा लागत नाही. विकतच्या डायपरमध्ये एक पांढरी पूड असते, ती ओल शोषून जेलीसारखी फुगते. सोय आहे, नाही कशाला म्हणू? रात्रीच्या एसटीच्या प्रवासात एखादा वापरला म्हणून कुणी वाईट आई ठरत नाही. पण दिवसाला चार-पाच लागतात. दहा रुपयांचा एक धरला तरी रोजचे पन्नास रुपये झाले. मग महाग म्हणून तो पुरवून पुरवून वापरला जातो, सकाळी घातलेला संध्याकाळपर्यंत निघत नाही, आणि बाळाच्या जांघा लालभडक होतात. वापरलेला टाकायचा कुठं? कोपीच्या वस्तीवर घंटागाडी येत नाही. तो बांधावर पडतो, कुत्री फाडतात, नाहीतर पाटाच्या पाण्यात जातो. २०१६ च्या घनकचरा नियमांत असे डायपर वेगळे गुंडाळून कचरा नेणाऱ्याकडे द्यावेत असं सांगितलं होतं. फडावर तो नेणारा कोण?

ब्रिटनच्या पर्यावरण खात्याने २००८ साली कापडी आणि विकतच्या लंगोटांचा हिशेब मांडला होता. त्यात निघालं असं, की कापडी म्हणजे आपोआप चांगलं असं नाही. धुणार कसं आणि वाळवणार कसं, यावर सगळं अवलंबून. दोरीवर वाळवले, एकदम जास्त धुतले आणि तेच पुढच्या बाळाला वापरले, तर कापडाचं पारडं चांगलंच जड. वाचून मला गंमत वाटली. आपल्याकडे थोरल्याची बाळोती धाकट्याला येतात, हे सांगायला अहवाल कशाला हवा?

तेव्हा कापडाला उणं नाही. उणं आहे पाण्याला.

हिशेब करून पाहा. तान्हं बाळ रात्रंदिवसात पंधरा-वीस वेळा सहज ओलं करतं. तेवढी बाळोती धुवायची तर एक बादली साबणाची आणि दोन बादल्या खळबळायला, म्हणजे चाळीस-पंचेचाळीस लिटर पाणी. पंधरा लिटरचा हंडा धरला तर तीन हंडे, एकट्या बाळाचे. स्वयंपाकाचं, प्यायचं, आंघोळीचं वेगळं. आणि हे पाणी आणणारी बाई पहाटे अंधारात फडात गेलेली असते. ऊस तोडायचा, मोळ्या बांधायच्या, डोक्यावरून गाडीपर्यंत न्यायच्या. नवरा-बायको मिळून एक 'कोयता' धरला जातो, त्यामुळे तिने दोन तास बाळासाठी काढले तर दोघांचं तोडणं मागं पडतं. बाळ फडाच्या कडेला, लुगड्याच्या झोळीत. त्याला सांभाळायला सात-आठ वर्षांची बहीण. बाळोतं बदलते ती, शाळेचं दप्तर गावाकडे ठेवून आलेली.

अशा वेळी बाळोती धुतली जातात, पण एका पाण्यात. साबण तसाच राहतो आणि कातडीला लागतो. संध्याकाळी उशिरा धुतली तर थंडीत वाळत नाहीत, ओलसरच बांधली जातात. आणि मग आपल्यासारख्या बायका रस्त्यावरून जाताना म्हणतात, ''पोरांना किती घाण ठेवतात बाई!''

मी स्वतः एकदा या फेऱ्यात सापडले होते. मुलगी सहा महिन्यांची, श्रावणातलं बारसं, एका रात्रीसाठी बारा लंगोट घेऊन गेले. पाऊस असा लागला की दिवेलागणीला बाराच्या बारा ओले. शेवटी नणंदेने भाकरी झाल्यावर तव्यावर लंगोट शेकून दिले! घरभर वास आणि हशा. पण तिथं पक्कं छप्पर होतं, दारात हापसा होता, हाताखाली तीन बायका होत्या. एक रात्र होती. पाच महिने नव्हते.

कायद्याने २०१७ पासून पन्नास किंवा जास्त माणसं कामाला असलेल्या आस्थापनांना पाळणाघर सक्तीचं झालं. पण ऊसतोडीची माणसं मुकादमाच्या टोळीतली. कारखान्याच्या हजेरीपटावर त्यांचं नाव नसतं. साखर कारखान्याची आणि त्यांना सवलती देणाऱ्या सरकारची जबाबदारी यातून सुटते, असं मला वाटत नाही. जिथं वस्ती बसवता तिथं टाकी, दोन नळ आणि धुण्याचा दगड द्या, ही फार मोठी मागणी नाही. वजनकाट्याला पैसा सापडतो, तसा याला सापडला पाहिजे.

पण ही मागणी मान्य होईपर्यंत बाळं थांबत नाहीत. म्हणून हे मी वसमत, कळमनुरी, जवळा बाजारकडच्या मैत्रिणींसाठी मुद्दाम लिहिते आहे. धरणाच्या पाण्यावर तुमच्या शेतात ऊस उभा आहे. तुमच्या फडावरही टोळी येते. घरच्या कर्त्या माणसाला सांगा, टोळी आहे तोवर मोटर चालू असताना एक ड्रम भरून फडाजवळ ठेवायचा. शेतीची वीज कधी दिवसा, कधी रात्री. रात्रीची असेल तर झोपण्याआधी भरून ठेवायचा. दोन झाडांना एक दोरी बांधून द्या. बाळोती पाचटावर वाळत घातली की उसाची बारीक कूस त्यात अडकते, आणि मग बाळ का रडतंय ते कुणाला कळत नाही.

बोलायची संधी मिळाली तर दोन गोष्टी बोला, पण शिकवायला गेल्यासारखं नको. तान्ह्या बाळाची शी निरुपद्रवी असते असं आपल्यातल्याही पुष्कळजणी मानतात. तसं नाही, तीही जंतू पसरवते. ती मातीत खड्डा करून पुरावी, बाळोत्याचं पहिलं पाणीही त्याच खड्ड्यात. विहिरीजवळ, पाटात नको. नंतर हात साबणाने. चुलीवर पाणी तापलेलंच असतं, चार दिवसांनी एकदा बाळोत्यांवर कढत पाणी ओतायचं आणि कडक उन्हात टाकायची. ओलं होऊ नये म्हणून खताच्या पिशवीचा तुकडा खाली अंथरतात, तो अंथरायलाच ठेवावा. बाळाच्या कमरेला गुंडाळला की आत वाफ धरते. दुपारी थोडा वेळ बाळाला सावलीत मोकळंच ठेवलं तर कातडी आपोआप निवते. नुसता लालपणा न राहता फोड आले, पू दिसला किंवा ताप चढला, तर मात्र खोबरेल तेलावर न थांबता दवाखान्यात न्यायचं. तिथं जायला तिला गाडी लागेल. ती तुमच्या दारात उभी असते.

दिवाळीच्या आवराआवरीत जुनी सुती लुगडी, धोतरं निघतील. ती भांडीवालीला देण्याआधी बाजूला काढा. फाडताना काठ आणि जरी काढून टाका, ती टोचते. नायलॉन, टेरिकॉट घालू नका, ते ओल शोषत नाही. हातभर चौकोनी तुकडे, कडेला टाके नाही घातले तरी चालतात. दोन डझन तुकड्यांसोबत कपडे धुण्याच्या साबणाच्या दोन वड्या ठेवा, आणि गाठोडं ड्रमपाशी नेऊन द्या. ड्रम भरलेला आहे ना, ते मात्र आधी बघा.