अंगठा नको, चिपचं कार्ड द्या



रोवणी जोरात आहे आणि राशन दुकानातल्या ई-पॉस यंत्राने याही आठवड्यात आमच्या बायांचे अंगठे नाकारले. दिवसभर बांधीतल्या चिखलात हात घालून परे लावणाऱ्या बाईच्या बोटांवर रेषा उरतील कशा? ज्याच्या हाताला कधी माती लागली नाही, त्याचा अंगठा मात्र लगेच जुळतो. म्हणजे जो जास्त राबतो, त्यानेच धान्यासाठी जास्त ताटकळायचं!

केंद्र सरकारच्याच 2016-17 च्या आर्थिक पाहणीत बायोमेट्रिक ओळख न पटण्याचं प्रमाण झारखंडमध्ये 49 टक्के, राजस्थानात 37 टक्के असल्याचे अंदाज दिले होते. शंभरात 49! एखाद्या बँकेचं एटीएम इतक्या वेळा अडलं असतं, तर ते एक दिवस तरी तसं ठेवलं असतं का? अंगठा जुळला नाही म्हणून कुणाला धान्य नाकारू नका, असं केंद्राने 24 ऑक्टोबर 2017 रोजी राज्यांना कळवलं. तरी 'उद्या या' हेच उत्तर ऐकावं लागतं. उद्याची मजुरी कोण भरून देणार?

यावर उपाय स्मार्ट कार्डाचा आहे. त्याच्या चिपमधली गुप्त किल्ली बाहेर येत नाही आणि पिन टाकल्याशिवाय ती कामही करत नाही. कार्ड हरवलं तर रद्द करून दुसरं देता येतं. अंगठ्याचा ठसा चोरीला गेला तर नवा अंगठा कुठून आणायचा? तलाठी सातबाऱ्यावर डिजिटल सही करतात ती चिप असलेल्या डोंगलने आणि पासवर्डने. रिझर्व्ह बँकेने 2018 अखेरपर्यंत सगळी एटीएम कार्डं चिपची करायला लावली. सरकारी दप्तराला आणि बँकेच्या पैशाला चिप चालते, मग मजुराच्या तांदळालाच का नाही? शेजारच्या छत्तीसगडने 2012 साली रायपुरात स्मार्ट कार्डावर राशन देऊन दाखवलं आहे.

कार्डं दुकानदाराकडे पडून राहतील, ही भीती खरी आहे. पण पिन धारकाकडेच असेल, तर नुसतं कार्ड ठेवून कुणाला काय मिळणार?

आणि ओटीपीचा पर्याय कुणी सांगू नये. आमच्या खेड्यांत घरटी एक मोबाइल, तोही पोराच्या खिशात पुण्या-नागपुरात. वर नेटवर्कचा पत्ता नाही. टॉवर उभे करण्याआधी सगळं ऑनलाइन करण्याची घाई कुणाला झाली होती?

पुरवठा विभागाने चिपचं कार्ड पुढच्या खरिपापर्यंत द्यावं. तोवर अंगठा जुळला नाही तर वहीत सही घेऊन त्याच दिवशी धान्य द्यावं. ते आमच्या हक्काचं आहे.

— एक धान उत्पादक शेतकरी, लाखांदूर, जि. भंडारा