वजनकाटा गप्प, कंबर बोलकी

राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या २०१९-२१ मधील पाचव्या फेरीत प्रथमच कंबर व नितंबांचा घेर मोजण्यात आला आणि एक विसंगती उघड झाली. १५ ते ४९ वयोगटातील २४ टक्के स्त्रिया 'बीएमआय'च्या निकषावर अतिवजनी वा स्थूल ठरल्या; मात्र कंबर-नितंब गुणोत्तर ०.८५ वा त्याहून अधिक, म्हणजे धोक्याच्या पातळीवर असलेल्यांचे प्रमाण तब्बल ५६.७ टक्के निघाले. 'वजन तर बेताचेच आहे' या समाधानावर विसंबणाऱ्या अनेक तरुणींचा हिशेब येथेच चुकतो.

बीएमआय केवळ वजन आणि उंचीचे नाते सांगतो; चरबी किती आणि कोठे साठली, हे सांगत नाही. पुण्याच्या केईएम रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे डॉ. जॉन युडकिन यांचे २००४ मध्ये 'लॅन्सेट'ने छापलेले छायाचित्र याचा उत्तम दाखला ठरले. दोघांचाही बीएमआय २२.३; शरीरातील चरबी मात्र युडकिन यांची ९.१, तर याज्ञिक यांची २१.२ टक्के!

पोटातील अवयवांभोवतीची चरबी यकृताकडे मेदाम्ले सोडते. त्यामुळे इन्सुलिनचा प्रभाव घटतो, रक्तातील साखर व ट्रायग्लिसराइड वाढतात. नितंब-मांड्यांवरील चरबी त्या मानाने निरुपद्रवी असते. ५२ देशांतील 'इंटरहार्ट' अभ्यासाच्या २००५ मधील विश्लेषणातही हृदयविकाराच्या झटक्याशी बीएमआयपेक्षा कंबर-नितंब गुणोत्तराचे नाते अधिक घट्ट आढळले.

अर्थात, घेर वाढला म्हणजे रोग जडला, असे नव्हे. रजोनिवृत्तीपूर्वी स्त्रियांना काही अंशी नैसर्गिक संरक्षण असते, त्यामुळे तरुण वयात नजीकचा धोका कमीच भरतो. प्रश्न पुढील दशकांचा आहे. रक्तदाब, तंबाखू, कौटुंबिक इतिहास, गर्भारपणातील मधुमेह, पीसीओएस यांची जोड मिळाल्यास तो गंभीर होतो. फीत निदान करीत नाही. तपासणी कोणाची आधी व्हावी, एवढेच सुचवते.

यंत्रणेला हे ठाऊक नाही, असेही नाही. 'आशा' कार्यकर्त्या भरत असलेल्या असंसर्गजन्य रोगांच्या अर्जात कमरेच्या घेराचा रकाना आहे आणि स्त्रियांच्या बाबतीत ८० सेंटिमीटरपुढे धोक्याचे गुण लागतात. परंतु ही पाहणी तिशीपासून सुरू होते. विशीतली तरुणी तिच्या कक्षेबाहेरच राहते. वास्तविक महाविद्यालयातील आरोग्य तपासणी अथवा प्रसूतीनंतरची भेट यांत वजनासोबत कंबर मोजण्यास ना वेगळे यंत्र लागते, ना मोठा निधी. सवयी बदलण्यास पुरेसा अवधी हाताशी असतानाच इशारा मिळाला, तरच त्याचा उपयोग.