तेलाची बाटली आणि क्रांतीचे कंत्राटदार

पाच महिन्यांपूर्वी विहारात मीटिंग होती. मीटिंग संपली, चहा आला आणि मी सांगून टाकलं की गिरणी सोडतोय, मालिशचं शिक्षण घ्यायला पुण्याला चाललोय. सगळे हसले. मग एक दादा, ज्यांना मी मानतो आणि हे छापल्यावरही मानणार आहे, ते म्हणाले, "बाबासाहेबांनी मेलेली ढोरं ओढायचं सोडाय सांगितलं, आणि तू जित्या ढोरांचं पाय चेपाय चाललास व्हय रं?" टाळी पडली. वाक्य जबरी होतं, मान्य. कवी मी, आणि वाक्य त्यांना सुचलं. मला त्या वेळी तोंड उघडता आलं नाही. मला बोलताना सुचत नाही, नंतर सुचतं. म्हणून हे लिहितोय.

टाळी वाजवणाऱ्यांत एकही जण गिरणीत पाळी केलेला नव्हता. तेव्हा आधी गिरणी काय ते ऐका.

इचलकरंजीच्या बाजूला एका सूतगिरणीत मी चार वर्षं काढली. गिरणीचा कामगार नव्हतो, ठेकेदाराच्या हजेरीपटावरचा आकडा होतो. पहिलं वर्ष ब्लोरूम आणि कार्डिंगला, मग रिंगखात्यात. रिंगफ्रेमच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत चालायचं, तुटलेला धागा बोटानं जोडायचा, परत चालायचं. आठ तास. दुसऱ्या पाळीचा माणूस आला नाही तर सोळा. धागा तुटू नये म्हणून खात्यातली हवा यंत्रानं दमट ठेवतात. धाग्याची एवढी काळजी. माणसाचं शर्ट पाठीला चिकटतं, त्याला यंत्र नाही. कापसाची धूळ छातीत बसते. सुट्टी घेऊन परत कामावर गेलं की त्या दिवशी छाती जास्त आवळते, म्हणून जगभरच्या गिरण्यांत या दुखण्याला सोमवारचं दुखणं म्हणत आलेत. डॉक्टरी नाव बिसिनोसिस. आमच्या सुपरवायझरनं त्याला दुसरं नाव दिलं होतं, "दारूचा परिणाम". मी दारू पीत नाही. त्यानं काय फरक पडतो?

आता गंमत बघा. मी या खात्यात खोकत होतो तोवर तुम्ही मला स्टेजवर बोलवायचात. "गिरणी कामगार कवी" अशी ओळख करून द्यायचात. गिरणी म्हटलं की तुमच्या अंगात काहीतरी संचारायचं. मूठ, भोंगा, घाम, लाल पहाट. मालिशवाला कवी म्हटलं की तुमचं तोंड कडू होतं. म्हंजे माझी फुफ्फुसं तुमच्या पोस्टरला लागत होती. नामदेव ढसाळनं टॅक्सी चालवली, तेव्हा पाठीमागच्या सीटवर कोणकोणते शेठ बसले असतील याची यादी त्याच्याकडं कुणी मागितली होती काय?

आणि गिरणी आपल्या बापाची कधी होती? माझा पणजा मुंबईला गेला, परळच्या चाळीत एका खोलीत पंधरा माणसांत झोपला. त्याला विणाईखात्यात घेतलं नाही. का? तर धोट्यात नवी कांडी घातली की भोकातून धागा तोंडानं ओढून घ्यावा लागायचा. महाराचं तोंड लागलेला धोटा पुढच्या पाळीचा मराठा कसा तोंडात घेणार! विणाईखात्यात पगार जास्त होता. एका थुंकीच्या थेंबानं आमच्या पिढ्यांचा पगार कापला. लाल बावट्याखाली सगळे कामगार भाऊ भाऊ होते, धोट्याजवळ आले की जात आठवायची. 1928 च्या संपाच्या वेळी विणाईखातं आमच्या माणसांना खुलं करा ही मागणी बाबासाहेबांनी लावून धरली, तेव्हा कुठं पुढाऱ्यांना हा प्रश्न दिसला. आजोबा रिंगखात्यात लागले. 18 जानेवारी 1982 ला संप सुरू झाला, अडीच लाख माणूस बाहेर पडलं, आणि आजोबा परत कधी आत गेले नाहीत. गावी येऊन भिंतीला टेकून बसले. गिरण्यांच्या जागी आज काय उभं आहे ते तुम्ही लोअर परळला उतरून बघून या. हा माझा गिरणीचा वारसा. याला मी हार घालू?

आता पाय चेपण्याकडं येतो.

माझी आजी सुईण होती. गावात पाटलाच्या घरची बाई अडली की रात्री-अपरात्री बोलावणं यायचं. तेव्हा दार उघडं असायचं, माजघरापर्यंत. आजीनं आडवं आलेलं पोर हातानं फिरवावं, नाळ कापावी, बाळंतिणीचं पोट आणि कंबर तेलानं चोळावी, पोराच्या अंगाला तेल लावावं. पाटलाच्या वंशाला जगात पहिला हात लागला तो आमच्या आजीचा. आणि ती बाहेर पडली की मागनं गोमूत्र शिंपडायचं. मजुरी काय, तर पदरात शिळी भाकर, सुपात जोंधळा, आणि लई खूश झाले तर जुनं लुगडं. आजी "येत नाही" म्हणू शकत नव्हती. दुसऱ्या दिवशी घराला दगड लागला असता.

दादा, तुमचं वाक्य मी या आजीला लावून पाहिलं. तिच्या हातात विद्या होती का गुलामी? दोन्ही होतं. विद्या हातात होती, गुलामी अटीत होती. बाबासाहेबांनी महारकीवर, वतनावर घाव घातला तो काम घाण म्हणून नुसता नाही. जन्मानं ठरलेलं, मजुरी न ठरलेलं, आणि नाही म्हणता न येणारं काम, म्हणून घातला. अशी वतनं मोडायचा कायदा व्हायला 1958 उजाडलं. ढोर ओढणं सोडा, हे ज्यांनी सांगितलं त्यांनीच 1942 ते 1946 मजूर खातं सांभाळताना कारखान्यातल्या कामाचे तास, पगारी रजा यांचे कायदे पुढं ढकलले. म्हंजे कामाला तास असतो, किंमत असते, कामाला नकार असतो हे आपल्याला कुणी शिकवलं? आणि आपण काय शिकलो, तर सरकारी खुर्ची सोडून बाकी सगळं हलकं. ती खुर्ची किती जणांना मिळते हे तुमच्या शेजारी बसलेल्या, वयाची अट संपत आलेल्या पोरांना विचारा.

कोर्समध्ये पहिल्या आठवड्यात हात लावूच दिला नाही कुणाच्या अंगाला. काय शिकवलं माहीत आहे? नाही कुठं म्हणायचं ते. अंगात ताप असेल तर नाही. कातडीला संसर्ग असेल तर नाही. एक पोटरी सुजून गरम लागत असेल तर अजिबात नाही, आत रक्ताची गुठळी असू शकते. चोळली आणि सुटली तर फुफ्फुसात जाऊन माणूस मरतो. आधी डॉक्टरकडं जा, असं गिऱ्हाईकाला तोंडावर सांगायचं, मग तो कुणी का असेना. गिऱ्हाईकानं वावगं काही मागितलं तर टेबल सोडून बाहेर निघायचं. मी वहीत हे सगळं उतरवून घेत होतो आणि मला आजी आठवत होती. चार पिढ्यांत आमच्या घरात नकाराचं शिक्षण घेणारा मी पहिला.

मग हाडं, स्नायू. मानेपासून पाठीच्या मध्यापर्यंत पतंगासारखा पसरलेला ट्रॅपेझियस. कमरेच्या आत लपलेला क्वाड्रेटस लंबोरम. हमालांची कंबर धरते तेव्हा बऱ्याचदा त्याचं गाऱ्हाणं असतं. दहावीला सायन्सला काठावर पास झालेला मी, ही नावं पाळीच्या माणसांच्या नावांसारखी पाठ केली. अंगठ्यानं जोर लावायचा नाही, अंगठा कायमचा जातो. पायात वजन घेऊन अख्खं अंग झुकवायचं. लांब दाब हृदयाच्या दिशेनं. दाबांची नावं फ्रेंच आहेत, एफ्लुराज, पेट्रिसाज, टॅपोटमाँ, आणि ती बसवली म्हणतात मेझगर नावाच्या एका डच डॉक्टरनं, एकोणिसाव्या शतकात. आजी हेच करायची. चोळणं, मळणं, थापटणं. तिच्या हाताला फ्रेंच नाव नव्हतं म्हणून त्याचा जोंधळा झाला आणि यांची फी झाली.

(इंग्रजांचा शाम्पू हा शब्द आपल्या चंपीवरून गेलाय हे मला इथंच कळलं. पाटण्याचा दीन महंमद म्हणून एक माणूस 1814 च्या सुमारास इंग्लंडात ब्रायटनला गेला, वाफेची न्हाणी आणि मालिश सुरू केली, पुढं चौथ्या जॉर्ज राजाचा मालिशवाला झाला. राजाच्या अंगाला हात लावला याचं मला कौतुक नाही. दुकानावर पाटी स्वतःच्या नावाची होती, आणि आपल्या विद्येवर 1822 मध्ये त्यानं पुस्तक लिहून छापलं, याचं आहे.)

सराव एकमेकांवर करायचा असतो. माझ्या जोडीला आला तो न्हावी समाजाचा पोरगा, बीडकडचा. पहिल्या दिवशी तो म्हणाला, हे आमचंच काम आहे पिढीजात. मी म्हटलं, तुमच्या पिढीजात कामात आमचं डोकं नव्हतं. तो गप्प बसला. टेबलावर मी पालथा पडलो, त्यानं तेल हातावर घेऊन गरम केलं आणि माझ्या पाठीला हात लावला. सरळ सांगतो, माझं अंग आखडलं. वीस मिनिटं सुटलं नाही. सर म्हणाले श्वास सोड. कसला सोडतोय! ज्यांनी आमच्या बापजाद्यांच्या हनुवटीला वस्तरा लावला नाही, त्यांच्यातला हात होता तो. नंतर चहाला तो आपणहून म्हणाला, माझा आजा तुमच्या लोकांचे केस कापायचा नाही; कापले असते तर पाटलानं त्याचं बलुतं बंद केलं असतं. मग त्यानं विचारलं, "तू पोळ्याला बैलाचे केस कापलेले बघितलेस?" मी हो म्हटलं. "ते आजाच कापायचा," म्हणाला. पुढं दोघंही बोललो नाही. श्रेणीबद्ध विषमतेवर मी शिबिरात दोनदा भाषण ठोकलंय. ती पाठीच्या कातडीला मात्र त्या दिवशी कळली.

मी या धंद्याची आरती ओवाळत नाही. स्पाचा मालक गिऱ्हाईकाकडनं घेतो त्यातलं किती हाताला येतं ते मला दिसतंय. ईशान्येकडच्या पोरींकडं लोक कोणत्या नजरेनं बघतात ते दिसतंय. धाड पडली की पोलिसांच्या गाडीत पहिल्यांदा त्याच बसतात, मालक नंतर जामिनाचं बघतो. एका गिऱ्हाईकानं सरावाच्या दिवशी मला आडनाव विचारलं. मी पूर्ण सांगितलं. त्याला अचानक काम आठवलं आणि तो उठून गेला. जाऊ दे, त्याची मान अजून वाकडीच आहे. मनमाडला 1938 साली बाबासाहेबांनी रेल्वे कामगारांना दोन शत्रू सांगितले, ब्राह्मणशाही आणि भांडवलशाही. स्पामध्ये दोन्ही हजर आहेत. एक गल्ल्यावर बसलाय, एक टेबलावर पालथा पडलाय. पण गिरणीत ते नव्हते असं मला कुणी समजावून सांगावं.

एक शब्द मला या धंद्यात खपत नाही. "सेवा". आमच्या कोर्सच्या पत्रकातही आहे, अतिथी, सेवा, समर्पण, वर हात जोडलेली बाई. मनुस्मृतीनं शूद्राला नेमून दिलेलं एकच काम ते हेच. 25 डिसेंबर 1927 ला महाडला जे पुस्तक जाळलं त्यातला हा शब्द न जळता इथंवर आलाय. मी मॅडमना सांगितलं, मी सेवा करणार नाही, काम करणार. त्या म्हणाल्या, एकच ना? एक नाही हो. सेवेला पावती नसते.

आता शेवटचं, आणि हे झोंबणार आहे, झोंबू दे. दादा, पाय चेपणं ही गुलामी हे तुमचं म्हणणं मला शंभर टक्के मान्य आहे. मग मोर्चाहून आल्यावर तुमचे पाय कोण चेपतं? मी तुमच्या घरी राहिलोय. तुम्ही भिंतीला टेकून स्त्रीमुक्तीवर बोलत होता आणि वहिनी दिवसभर दुसऱ्यांच्या घरची धुणी-भांडी करून आलेल्या, त्या खाली बसून तुमच्या पोटऱ्या दाबत होत्या. शेषनागावर पसरलेला विष्णू आणि पायाशी लक्ष्मी, हे कॅलेंडर आपण घरातनं काढलं आणि चित्र तसंच ठेवलं. वहिनींच्या कामाला तास नाही, पैसे नाहीत, नाही म्हणायची सोय नाही. माझ्या कामाला तिन्ही आहेत. आपल्यातलं आजीचं काम कोण करतंय ते बघा, मी का वहिनी. आणि टाळी वाजवणाऱ्यांनीही आपापल्या घरी जाऊन बघावं.

गिरणीतला हिशेब घ्यायला गेलो तेव्हा ठेकेदारानं आठ दिवसांचा पगार कापला, नोटीस दिली नाही म्हणून. कोर्सची फी आईनं बचत गटातनं उचललीय, दर महिन्याला हप्ता आहे. पुढच्या महिन्यात परीक्षा. पास झालो तर कुठं लागेन ते ठरलेलं नाही. एखाद्या फिजिओथेरपीवाल्याच्या हाताखाली मिळालं तर बरं, नाहीतर स्पा आहेच. रविवारी मात्र मी आपल्या वस्तीत बसणार आहे, समाजमंदिराच्या मागच्या खोलीत, टेबल सुताराकडं टाकलंय. हमाल, झाडूवाले, ऊसतोडीच्या बाया, ज्यांच्या अंगाला आजवर कामाशिवाय कुणी हात लावला नाही त्यांच्यासाठी. फुकट नाही. कमी, पण पैसे. बायांसाठी शिकलेली बाई लागेल, आपल्यातल्या कुणा मुलीला कोर्सला पाठवायचं असेल तर मला भेटा.

परवा दादांचाच फोन आला. चौदा एप्रिलच्या मिरवणुकीत खांद्यावर पोरं नाचवली त्यात कंबर धरलीय, गोळ्यांनी उतरत नाही, "तू येऊन जा की रं एकदा" म्हणाले. पायात मुंग्या येतात का, लघवीला काही त्रास आहे का, सगळं विचारून घेतलं, नाही म्हणाले. येतो म्हटलं. अजून शिकाऊ आहे म्हणून निम्मे, दीडशे रुपये. थोडा वेळ फोनवर काही आवाज आला नाही. मग "ये" म्हणाले. तेल मी नेणार आहे, चादर त्यांच्या घरची चालेल असं कळवलंय. चादर त्यांनीच धुऊन ठेवायची.